थोटूक नसलेली सिगारेट

गेल्या दिवाळीत जालना जिल्ह्यातल्या हसनाबादला आबांच्या ओसरीवर बसलो होतो. आबा म्हणजे माझे चुलते. वय अठ्ठ्याहत्तर, गळ्यात तुळशीची माळ, बंडीच्या खिशात तंबाखूची पुडी आणि चुन्याची डबी. त्यांचा नातू, म्हणजे माझा पुतण्या, पुण्याहून आलेला. गप्पांच्या ओघात त्याने खिशातून बोटभर लांबीची एक निळसर वस्तू काढली, तोंडाला लावली, आणि ओसरीभर गोळ्या-बिस्किटांच्या दुकानासारखा वास पसरला.

“हे काय रे, पेनड्राइव्ह हाय का?”

“व्हेप आहे, आबा. सिगारेट सोडली मी. आता फक्त हे.”

“अन् हे कधी सुटणार?”

“सुटेल हळूहळू.”

आबांनी डाव्या तळहातावर तंबाखू घेतली, नखाने चुना लावला, अंगठ्याने मळली, दोन थापा मारून भुकटी उडवली आणि बार ओठाआड सरकवला. “मी बी हळूहळूच सोडतोय. तुझा बाप शाळेत होता तवापासून.”

हसलो सगळेच. मला मात्र दुसरीच गोष्ट खटकत राहिली. या मुलाने आजोबांसमोर सिगारेट कधीही पेटवली नसती. पाच-सहा वर्षं ओढत होता, पण गावी आला की घरामागे नाहीतर शेताच्या बांधावर, आणि परतताना तोंडात बडीशेप. गावाकडची ही मर्यादा म्हणजे ढोंग आहे असं शहरात गेल्यावर वाटू लागतं. असेलही. पण तिचा एक हिशोबी फायदा होता: गावातल्या चार दिवसांत त्याच्या दहा सिगारेटींच्या तीन होत. लाज हा एक ब्रेक होता. या निळ्या कांडीने तो काढून टाकला, कारण तिला जळका वास नाही, राख नाही, काडीपेटी नाही, आणि आबांच्या मनात तिच्याबद्दल काही पूर्वग्रहही नाही.

आणखी एक गोष्ट नाही. थोटूक. सिगारेट संपते. बोटाला चटका बसतो, माणूस ती टाचेखाली विझवतो आणि कामाला लागतो. पुढची पेटवायची तर पुन्हा ठरवावं लागतं. विडीचंही तेच, विडी तर ओढली नाही की आपसूक विझते. व्हेपचा झुरका कुठे सुरू झाला आणि कुठे संपला याला काही खूणच नसते. त्या दिवशी दुपारी मी मुद्दाम मोजायला गेलो आणि अर्ध्या तासात मोजणं सोडून दिलं. “दिवसाला किती होतं रे?” म्हणून विचारलं तर तो म्हणाला, “तसं मोजता येत नाही, काका.”

हळूहळू सोडायचं म्हणजे मोजत सोडायचं. त्याला माप लागतं आणि तारीख लागते. या दोन गोष्टी नसतील तर ‘हळूहळू’ हा चालू ठेवण्याचाच सभ्य शब्द ठरतो. हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. मी स्वतः दिवसाला बारा ओढत होतो. हळूहळू सोडायची म्हणून आठवर आलो, मग सहावर, मग चारवर. आणि चारवर मी सहा वर्षं राहिलो. सकाळच्या चहाची, जेवणानंतरची, संध्याकाळची आणि रात्रीची. या चार इतक्या मन लावून ओढत असे, शेवटच्या कणापर्यंत, छाती भरून, की आठवर असताना निम्म्याच ओढून टाकत होतो त्याची भरपाई होत होती. शरीराला निकोटीनचा ठरावीक रतीब हवा असतो. सिगारेटी कमी दिल्या तर ते प्रत्येकीतून जास्त उपसून घेतं. फिल्टरच्या आणि पुढे ‘लाइट’ म्हणून विकल्या गेलेल्या सिगारेटींनी जगभर लोकांना असंच फसवलं: यंत्राने ओढल्या तर डांबर कमी, माणसाने ओढल्या तर जवळपास तेवढंच.

त्या सहा वर्षांत मी स्वतःला ‘जवळजवळ सोडलेला’ समजत होतो. पुढे २०१८ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये एक निष्कर्ष प्रसिद्ध झाला आणि त्याने ही समजूत चांगलीच मोडली. दिवसाला फक्त एक सिगारेट ओढणाऱ्याला हृदयविकाराचा जो वाढीव धोका असतो, तो वीस ओढणाऱ्याच्या वाढीव धोक्याच्या साधारण निम्मा असतो. विसावा हिस्सा नाही, निम्मा. कर्करोगाचा हिशोब वेगळा आहे, तिथे कमी ओढल्याचा फायदा जास्त सरळ मिळतो. हृदय मात्र असा घसघशीत सवलतीचा भाव देत नाही.

मग सोडायची कशी, एकदम की टप्प्याटप्प्याने? इंग्लंडमध्ये ६९७ जणांवर हा प्रयोग झाला आणि २०१६ मध्ये त्याचे आकडे आले. दोन्ही गटांना सोडण्याची तारीख ठरवून दिली होती. एका गटाने त्या दिवशी एकदम सोडायची, दुसऱ्याने दोन आठवडे आधीपासून कमी करत यायचं. दोघांनाही निकोटीनचे पट्टे वगैरे मदत होतीच. चार आठवड्यांनी पाहिलं तर एकदम सोडणाऱ्यांपैकी ४९ टक्के टिकले होते, हळूहळूवाल्यांपैकी ३९. सहा महिन्यांनी २२ आणि साडेपंधरा. हे वाचून कुणी ‘बघा, तोडायचं तर एका घावात’ असं म्हणेल, आणि गावाकडे तसंच म्हणतात. पण नंतरच्या व्यापक आढाव्यांत दोन्ही वाटा साधारण सारख्याच यशाच्या निघाल्या आहेत. मला त्या प्रयोगातली दुसरीच गोष्ट महत्त्वाची वाटते. त्यातलं ‘हळूहळू’ दोन आठवड्यांचं होतं. माझं सहा वर्षांचं होतं. आबांचं तर त्यांच्या मुलाच्या शाळेपासून चालू आहे. एकाच शब्दाखाली आपण किती वेगवेगळा माल खपवतो!

आता त्या निळ्या कांडीची बाजू. ती मांडली पाहिजे, कारण आपल्याकडे ती फारशी मांडलीच जात नाही. सिगारेट ओढणारा निकोटीनसाठी ओढतो आणि मरतो मात्र जळण्यातून निघालेल्या डांबराने आणि वायूंनी, हे मायकेल रसेल या ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञाने १९७६ मध्येच सांगून ठेवलं होतं. जळणं काढून टाका, निकोटीन राहू द्या, ही कल्पना तिथून आली. चीनमधल्या हॉन लिक नावाच्या औषधनिर्मात्याने २००३ च्या सुमाराला द्रवाची वाफ करणारं उपकरण बनवलं. तो स्वतः अट्टल ओढणारा होता आणि त्याचे वडील फुप्फुसाच्या कर्करोगाने गेले. २०१९ मध्ये इंग्लंडमधल्या ८८६ जणांच्या चाचणीत, व्हेप दिलेल्यांपैकी १८ टक्के लोक वर्षानंतर सिगारेटपासून लांब होते. निकोटीनच्या गोळ्या-पट्टे दिलेल्यांपैकी ९.९ टक्के. जवळपास दुप्पट. हे किरकोळ नाही. ब्रिटिश सरकारने २०२३ मध्ये दहा लाख ओढणाऱ्यांना व्हेपचा संच देण्याची योजना जाहीर केली ती अशाच पुराव्यांच्या जोरावर.

पण त्याच चाचणीतला दुसरा आकडा आमच्या पुतण्याच्या ‘सुटेल हळूहळू’ला लागू पडतो. वर्षभर सिगारेटपासून दूर राहिलेल्या व्हेपवाल्यांपैकी ८० टक्के लोक वर्षानंतरही व्हेप ओढतच होते. गोळ्या-पट्टेवाल्यांपैकी फक्त ९ टक्के अजून त्यांवर होते. म्हणजे शिडी चांगली आहे, पण बहुतेक लोक शिडीवरच संसार मांडतात. आगीतून निघून शिडीवर बसणं हेही मोठंच काम आहे, असं तिथले डॉक्टर म्हणतील, आणि वीस सिगारेटींवरच्या माणसाबाबत ते बरोबर आहेत.

शिडी उतरायचीही सोय तिथे आहे. ब्रिटनमध्ये द्रवातल्या निकोटीनची कमाल मर्यादा मिलिलिटरला २० मिलिग्रॅम, म्हणजे दोन टक्के. बाटलीवर जे लिहिलंय ते आत असावं याची जबाबदारी बनवणाऱ्यावर. मग २० चं १०, १० चं ६, ६ चं ३ आणि शेवटी शून्य, असं खरोखर मोजत उतरता येतं. थोटूक नसलं तरी बाटलीवरचा आकडा असतो. मी पुतण्याची कांडी हातात घेऊन चष्मा लावून वाचली. ५ टक्के. ब्रिटनमधल्या कमाल मर्यादेच्या अडीच पट, तेही छापलेलं खरं असेल तर. कारण भारतात व्हेपवर बंदी आहे, म्हणजे ती वस्तू या देशात अस्तित्वातच नाही असं कायदा मानतो. तिच्यात काय आहे हे तपासणारा कुणी इन्स्पेक्टर नाही, परत करायला दुकान नाही, तक्रार करायला पत्ता नाही. “कुठे घेतोस?” विचारलं तर म्हणाला, “मिळतं.”

हे ‘मिळतं’ मी ओळखतो. २०१२ च्या जुलैपासून महाराष्ट्रात गुटखाबंदी आहे, दर वर्षी आदेश काढून वाढवलेली. त्याआधी २००२ मध्येही एकदा झाली होती, ती २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात टिकली नाही. आज जालना जिल्ह्यातल्या कुठल्याही टपरीवर गुटखा मिळतो का विचारा. उत्तर तेच येईल, त्याच सुरात.

१८ सप्टेंबर २०१९ ला केंद्र सरकारने ई-सिगारेटवर, म्हणजे व्हेपवर, बंदीचा वटहुकूम काढला, डिसेंबरात त्याचा कायदा झाला. बनवणं, आणणं, विकणं, जाहिरात करणं, साठवणं, सगळं गुन्हा. साठवण्याला शिक्षा कमी, बाकीच्यांना पहिल्या वेळी एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. ओढणाऱ्याला त्यात शिक्षा नाही. निर्मला सीतारामन यांनी निर्णय जाहीर केला तेव्हा मुलांची काळजी पुढे होती, आणि ती काळजी खोटी नव्हती. अमेरिकेत शाळकरी पोरं फळांच्या चवीच्या कांड्यांना लागली होती. त्याच वर्षी तिथे फुप्फुसं निकामी होण्याची साथ आली आणि २०२० च्या फेब्रुवारीपर्यंत ६८ माणसं गेली. ती साथ मुख्यतः चोरट्या बाजारातल्या, गांजाच्या अर्काच्या नळ्यांत घातलेल्या ‘ई’ जीवनसत्त्वाच्या तेलकट रसायनाने आली, हे नंतर स्पष्ट झालं. म्हणजे जी गोष्ट बंदीच्या बाजूची वाटत होती ती नीट पाहिली तर बेवारस मालाच्या विरुद्धची निघाली.

मला त्या कायद्यातली विसंगती पचत नाही. हसनाबादच्या टपरीवर सिगारेट आहे, विडी आहे, जर्दा आहे. देशातल्या सिगारेट बनवणाऱ्या सर्वांत मोठ्या कंपनीत आयुर्विम्याच्या सरकारी महामंडळाचा मोठा हिस्सा आहे, म्हणजे माझ्या पॉलिसीचे हप्तेही थोडेबहुत धुरात आहेत. जे जळतं ते परवान्याने, जे जळत नाही त्याला कैद. त्यामागे हिशोब असा दिसतो की जुन्या विषाचे गिऱ्हाईक ठरलेले आहेत, नवे नकोत. पण ज्याला जुन्यातून बाहेर पडायचंय त्याचं काय, याचं उत्तर कायद्यात नाही.

तरीही मी बंदी उठवून हसनाबादच्या टपरीवर व्हेप टांगायला निघालेलो नाही. कारण हा वाद मुळात ज्या घरचा आहे ते घर आपलं नाही.

२०१६-१७ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात प्रौढांपैकी ३.८ टक्के लोक काहीतरी ओढतात. आणि तंबाखू तोंडात धरणारे, खाणारे, मिश्री लावणारे? २४.४ टक्के. सहापटींहून जास्त. पुरुषांत जवळपास एकतृतीयांश, बायकांत सहांत एक. सिगारेटवरून व्हेपवर जाण्याची चर्चा आपल्या मराठी वर्तमानपत्रांच्या आरोग्य पुरवण्यांत येते ती लंडन-न्यूयॉर्कच्या बातम्यांमागून. आबांना ती काहीच उपयोगाची नाही. त्यांचा धूर आधीच सुटलेला आहे! तरुणपणी ते हैदराबादची चारमिनार ओढत. निजामाच्या मुलखातलं गाव, तिथे तीच चालायची. पुढे खोकला झाला, डॉक्टर म्हणाले ओढू नका, मग त्यांनी तंबाखू मळायला घेतली. म्हणजे ज्याला आज ‘धुराकडून बिनधुराकडे’ म्हणून नवा उपाय म्हणतात तो आबांनी पन्नासेक वर्षांपूर्वीच केला. आमच्याकडे बदलीची ही परंपरा मोठी आहे. दात दुखतो म्हणून आजीने मिश्री घेतली, ती मरेपर्यंत तव्यावर तंबाखू भाजत राहिली. तंबाखू नको म्हणून पोरांनी गुटखा धरला. गुटखा बंद झाला म्हणून पानमसाल्याची एक पुडी आणि तंबाखूची दुसरी, दोन्ही फाडून तळहातावर एक. आणि ज्याने खरंच तंबाखू सोडली तो म्हणतो, आता फक्त साधी सुपारी खातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २००४ मध्येच सांगितलं की सुपारी एकटीही कर्करोग करते, तिला तंबाखूची सोबत लागत नाही.

धूर नाही म्हणजे धोका नाही, हा सिद्धांत जगात कुणाला तपासून पाहायचा असेल तर त्याने महाराष्ट्रात यावं. जगातल्या तोंडाच्या कर्करोगाच्या रुग्णांपैकी साधारण एकतृतीयांश भारतात आहेत. त्यात मोठ्या पदावरची माणसंही सुटली नाहीत. आर. आर. पाटलांना तंबाखूची सवय होती. १६ फेब्रुवारी २०१५ ला तोंडाच्या कर्करोगाने गेले तेव्हा साठीही गाठली नव्हती. शरद पवार कर्करोगातून बाहेर आले आणि आपल्या सवयीबद्दल जाहीर सभांतून बोलत राहिले.

आणि तरी स्वीडन नावाचा एक देश आहे, जिथे लोक ‘स्नूस’ नावाची तंबाखू ओठाआड धरतात, अगदी आबांसारखीच, आणि तिथे तोंडाचा कर्करोग आपल्यासारखा थैमान घालत नाही. फरक कुठे आहे? तिथली तंबाखू वाफ देऊन निर्जंतुक करतात, थंड ठेवतात, तिच्यातल्या नायट्रोसॅमाइनवर मर्यादा आहे. हीच ती कर्करोगकारक संयुगं, जी पानं मुरवताना, आंबवताना तयार होतात आणि आपल्या जर्दा-गुटख्यात भरमसाट असतात. म्हणजे धूर आहे की नाही एवढ्यावर काही ठरत नाही. वस्तूत काय आहे आणि ते मोजणारा कुणी आहे की नाही यावर ठरतं. स्नूस निरुपद्रवी आहे असं मी म्हणत नाही, निकोटीनची गुलामी तिच्यातही आहे. पण मोजलेली वस्तू आणि न मोजलेली वस्तू यांत माणसाच्या जबड्याएवढा फरक पडू शकतो.

इथे चुन्याबद्दल एक आडवं बोलून घेतो, कारण मला हे फार गमतीचं वाटतं. तंबाखूला चुना का लावतात? जुनी माणसं म्हणतात, त्याशिवाय ‘लागत नाही’. खरं आहे. चुना अल्कधर्मी, त्याच्या संगतीत निकोटीन मोकळं होतं आणि गालाच्या आतल्या कातडीतून झटपट रक्तात जातं. आमच्या आज्या-पणज्यांनी शिकवणीशिवाय साधलेलं रसायन. २०१५ च्या सुमाराला कॅलिफोर्नियातल्या व्हेपवाल्यांनी नेमकी उलट युक्ती केली: निकोटीनमध्ये आम्ल मिसळून त्याचा क्षार बनवला, म्हणजे घसा खवखवत नाही आणि कितीही ओढता येतं. एकाने अल्क वापरलं, दुसऱ्याने आम्ल. धंदा एकच. आणि गंमत अशी की सोडण्यासाठी डॉक्टर जो निकोटीनचा च्युइंगम देतात त्यातही सोड्यासारखा अल्कधर्मी पदार्थ असतो, त्याच चुन्याच्या कामासाठी. तो च्युइंगम चघळत राहायचा नसतो. थोडा चावायचा, चव आली की गालात दाबून ठेवायचा, पुन्हा चावायचा. हे कुठल्याही तंबाखूवाल्याला शिकवावं लागत नाही. तो जन्मलाही अशाच पाहणीतून. १९६७ मध्ये स्वीडनमध्ये कुणाच्या तरी लक्षात आलं की पाणबुडीत ओढायची बंदी असल्यामुळे खलाशी तोंडातल्या तंबाखूवर निभावतात, आणि ऊव्हे फेर्नो या संशोधकाने त्यावरून हा गम बनवला. आबांच्या गालासाठीच बनल्यासारखी ही वस्तू. दोन मिलिग्रॅमचा गम औषधाच्या दुकानात मिळतो, त्यावर मात्रा छापलेली असते, दिवसाला दहाचे आठ, आठचे सहा असं उतरता येतं. माप आहे. मी तोच वापरला आणि अडीच महिन्यांत सुटलो. माझ्या ओळखीत मात्र त्याचा उपयोग केलेला हसनाबादचा एकही माणूस नाही. तंबाखूची पुडी किती सोपी, आणि गमचं पाकीट मागायला दुकानदाराला नाव दोनदा सांगावं लागतं.

सरकार माप काढून कसं घेतं याचा आणखी एक नमुना. सप्टेंबर २०२० मध्ये महाराष्ट्राने सुटी सिगारेट आणि सुटी विडी विकायला बंदी केली. कारण चांगलं होतं. पोरं पहिली सिगारेट सुटीच घेतात, आणि सुटी घेणाऱ्याला पाकिटावरचं सडलेल्या जबड्याचं चित्र दिसत नाही. मला ते पटतं. पण मी चारवर आलो तेव्हा रोज सुट्या चारच विकत आणत होतो. पाकीट घरात असतं तर चार कधीच राहिल्या नसत्या. कमी करू पाहणाऱ्याचं सगळ्यात स्वस्त माप होतं ते. अर्थात बंदी कागदावरच राहिली, टपरीवर सुटी आजही मिळते, त्यामुळे माझा मुद्दाही कागदावरचाच म्हणा. तरी सोडणाऱ्याचा विचार कायदा करताना कुणाच्या डोक्यात नसतो, एवढं त्यातून दिसतं.

मग गावाकडे लोक सोडतच नाहीत का? सोडतात. आणि त्यांची सोडण्याची पद्धत कुठल्याही आरोग्य खात्याच्या आधीची आहे. हसनाबादमध्ये रमजानचा महिना पाहिला तर पहाटेपासून सूर्यास्तापर्यंत विडीला हात न लावणारी माणसं दिसतात, एरवी दिवसाला दोन बंडलं ओढणारी. श्रावणात दारू आणि मटण बंद करणारी तर घरोघर. आणि माळ घालणं ही तर मोठीच गोष्ट. सप्ताहात, नाहीतर राजूरच्या गणपतीला जाऊन आल्यावर एखादा ठरवतो, पंढरपूरला जाऊन माळ घालून येतो, आणि त्या दिवसापासून त्याची दारू बंद. उद्यापासून नाही, हळूहळू नाही. अख्ख्या गावाला माहीत असतं. कुणी आग्रह करत नाही, उलट पेला पुढे आला तर बाजूचाच म्हणतो, “त्यांना नको, माळकरी हायेत.” तारीख आहे, साक्षीदार आहेत, मोडलं तर लाज आहे. इंग्लंडच्या त्या प्रयोगात मेहनतीने जे उभारलं होतं, ठरलेला दिवस आणि दर आठवड्याला विचारपूस करणारी नर्स, ते इथे गावच करतं.

याने भुलून जाऊन ‘श्रद्धेने सगळं सुटतं’ असं म्हणणारा मी नाही. रमजान संपल्यावर ईदच्या संध्याकाळी विडी परत येते, श्रावण सरला की कोंबडं कापलं जातं. आणि तलफ ही श्रद्धेची गोष्ट नाही. पहिले तीन दिवस डोकं जड, हाताला काम सुचत नाही, बायकोवर ओरडणं, झोप नाही; तीन-चार आठवडे हे कमी-जास्त चालतं. ते शरीर मागतंय. त्यावर गम आहे, गोळ्या आहेत. पण गोळीला कुणी साक्षीदार नसतो आणि माळेला औषध नसतं. दोन्ही एका माणसाच्या वाट्याला क्वचितच येतं. डॉ. अभय बंग यांच्या पुढाकाराने गडचिरोलीत २०१६ पासून चाललेलं ‘मुक्तिपथ’ मला म्हणून महत्त्वाचं वाटतं: तिथे व्यसन सोडवणं हे गावाचं काम मानून गावाच्या बैठकीत ठरवतात आणि उपचारही गावाच्या जवळ आणतात.

आता कुणी म्हणेल, मग व्हेपही असंच करा, औषधाच्या दुकानात, डॉक्टरच्या चिठ्ठीवर, मोजून, दोन टक्क्यांच्या वर नाही. माझा कल याच बाजूला आहे. वीस वर्षं दिवसाला पाकीट ओढणाऱ्या, गम-पट्ट्यांनी दोनदा हरलेल्या माणसाला ती शिडी नाकारायला मला काही नैतिक आधार सापडत नाही. पण ऑस्ट्रेलियाने जुलै २०२४ पासून व्हेपची विक्री फक्त औषधाच्या दुकानांपुरती ठेवली, आणि तरी तिथला चोरटा बाजार तेजीतच आहे, हेही सांगितलं पाहिजे. श्रीमंत, कमी लोकसंख्येच्या, शिस्तीच्या देशात ही गत. जिथे गुटखा तेरा-चौदा वर्षं बंद असून मिळतो तिथे ‘फक्त चिठ्ठीवर’ या शब्दांचा अर्थ काय राहील, मला नीटसं सांगता येत नाही. माझ्या कलाच्या बाजूने एवढंच: आज ती पोरांना मिळतेच आहे, पाच टक्क्यांची, बिनचिठ्ठीची. मिळत नाही ती फक्त प्रामाणिक लेबल लावलेली.

त्या संध्याकाळी ओसरीवर पुन्हा विषय निघाला. मी आबांना विचारलं, माळ घातली तेव्हा दारू सुटली, मटण सुटलं, तंबाखू का नाही? आबा जरा वेळ गप्प राहिले. म्हणाले, “बुवांनी नाव घेतलं नाही तिचं. घेतलं असतं तर सोडली असती.” मग थोड्या वेळाने स्वतःच: “बुवाच खात होते ना.”

नातू हसला. आबांनी त्याच्याकडे बोट केलं. “तुझं ते किती ओढतोस?” “मोजत नाही, आबा.” “मी बी नाही मोजत. पुडी संपली की दुसरी.” मग त्यांनी पुडी चष्म्याजवळ धरली आणि विचारलं, यावर हे बारीक काय लिहिलंय. सोडायची असेल तर फोन करायचा नंबर होता, १८००-११-२३५६. २०१८ पासून प्रत्येक तंबाखूच्या पाकिटावर छापावा लागतो. कित्येक वर्षं रोज हातात घेतलेली पुडी, पण तो नंबर त्यांनी कधी वाचला नव्हता. अक्षरंही तशी मुंगीएवढीच. नातवाने मोबाईलने फोटो काढला, मोठा करून दाखवला. “फुकट लागतो का?” “फुकट.”

आबांनी चुन्याची डबी पुढे केली आणि पेनाने तिच्या झाकणावर नंबर लिहून घ्यायला लावला. पुसला जाईल म्हणून नातवाने वर सेलोटेप चिकटवला. संक्रांतीला मी पुन्हा गेलो तेव्हा नंबर तसाच होता, कडेने सेलोटेप जरा निघाला होता. फोन अजून केला नव्हता. नातवाने नवीन कांडी घेतली होती, हिरव्या रंगाची.